पंप ओरडतोय म्हणजे पंपच गेला असं नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २००४ ची पेट्रोल ह्युंदाई ॲक्सेंट, एमपी ०९ म्हणजे आपल्या इंदूरचं पासिंग, सव्वा लाखाच्या पुढे किलोमीटर झालेले. सकाळी गाडी सुरू केली की बॉनेटखालून म्हैस हंबरल्यासारखा आवाज येतो, गाडी तापल्यावर तो कमी होतो, पार्किंग करताना स्टिअरिंग जड लागतं, आणि दर पंधरा दिवसांनी पॉवर स्टिअरिंगच्या तेलाच्या डबीत थोडं तेल घालावं लागतं. गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडून दोन मिनिटांत ‘पंप गेला, रॅकपण करून टाकू’ म्हणून भला मोठा आकडा सांगितला (रॅक म्हणजे स्टिअरिंग फिरवल्यावर पुढची चाकं वळवणारा भाग). तुम्हाला विचारायचंय की सुदामानगरच्या घराच्या अंगणात, सुटीच्या दिवशी, पॉवर स्टिअरिंगचा पंप आपल्या हातानं बदलता येईल का.

येईल. हाताला पान्यांची सवय असेल तर एका दिवसाचं काम आहे, पहिल्यांदा करत असाल तर दीड दिवसाचं. पण पंपाला फाशी देण्याआधी खटला तरी चालवा. मी आधी पिथमपूरच्या एका कारखान्यात हायड्रोलिक प्रेसच्या मेंटेनन्सला होतो, नंतर नवलख्याजवळ स्वतःचं गॅरेज चालवलं. या दोन्ही ठिकाणी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली: पंप सहसा आपणहून मरत नाही. त्याला हवा मारते, नाहीतर घाण मारते. आणि ज्यानं जुना पंप मारला ते कारण शोधलं नाही, तर नवा पंपही त्याच वाटेनं जातो, फक्त जास्त लवकर.

आत काय चालतं ते आधी समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल. तुमच्या गाडीत व्हेन पंप आहे. इंजिनच्या रबरी पट्ट्यावर (बेल्टवर) फिरणारा एक रोटर, त्याच्या खाचांत आत-बाहेर सरकणाऱ्या पोलादी पट्ट्या, आणि भोवती लंबगोल कडं. रोटर फिरला की पट्ट्या कड्याला घासत तेल एका बाजूनं ओढतात आणि दुसऱ्या बाजूनं दाबून बाहेर काढतात. गाडी सरळ चालली असताना दाब अगदी थोडा असतो. स्टिअरिंग एका टोकाला नेऊन धरलं की तोच दाब ७०-८० बार किंवा त्याच्याही वर जातो, मग आतला रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि चुईं असा आवाज येतो. तुमच्या टायरमध्ये जेमतेम दोन-सव्वादोन बार हवा असते, त्यावरून अंदाज करा. इतक्या दाबाखाली पट्ट्या आणि कड्याच्या मधे फक्त तेलाचा पातळ थर असतो. तेलात हवेचे बुडबुडे आले की तो थर तुटतो. बुडबुडे दाबाखाली फुटतात, तेव्हा धातूवर बारीक खड्डे पडतात. तुम्हाला ऐकू येणारं हंबरणं म्हणजे बहुतेक हेच बुडबुडे.

आता खटला. इंजिन बंद करून डबीचं झाकण उघडा. तेलाचा एक थेंब पांढऱ्या कागदावर घ्या. नुसतं तपकिरी असेल तर ते म्हातारं झालंय, एवढंच. काळं, जळकट वासाचं असेल तर पंप खूप तापलाय. फेसाळ, दुधाळ दिसत असेल तर कुठून तरी हवा शिरतेय. थेंब उन्हात धरल्यावर त्यात चांदीसारखी चमक दिसली तर पंप आतून झिजतोय आणि त्याचा चुरा रॅकपर्यंत पोचलेला आहे. मग मात्र पंप बदलणं आलंच, आणि नीट धुणंही आलं.

पाण्यासारखी साधी गोष्ट लोक विसरतात: डबीपासून पंपापर्यंत येणारा जाड रबरी पाइप हा ओढण्याच्या बाजूचा आहे. त्यात दाब नसतो, उलट थोडी पोकळी असते. त्यामुळे तो पाइप तडकला, क्लॅम्प ढिला झाला किंवा पंपाच्या तोंडाशी असलेली ओ-रिंग (गोल रबरी कडी) कडक झाली, तर तिथून तेल बाहेर येईलच असं नाही. हवा मात्र आत जाते. बाहेरून सगळं कोरडं ठणठणीत, आणि पंप ओरडतोय. वीस वर्षांच्या गाडीत हा पाइप कधी बदललेला नसतो. इंदूरच्या मे महिन्यात ४२-४३ अंशांत बॉनेटखाली भाजून तो खारकेसारखा कडक झालेला असतो. पाइपाच्या सांध्यांवर ब्रशनं थोडं तेच तेल लावा आणि इंजिन चालू ठेवून ऐका. आवाज क्षणभर बदलला, मऊ झाला, तर चोर सापडला. माझ्याकडे ‘पंप गेला’ म्हणून आलेल्या कितीतरी गाड्या एक हातभर पाइप, दोन क्लॅम्प आणि एक ओ-रिंग एवढ्यावर परत गेल्या. गिऱ्हाईक खूश, आणि माझी कमाई चहापुरती.

दुसरा चोर डबीच्या तळाशी बसतो. बऱ्याच डब्यांमध्ये खाली बारीक जाळी असते. वीस वर्षांचा गाळ तिथं साचला की पंपाला तेल ओढायला त्रास होतो. विशेषतः थंडीत, तेल घट्ट असताना. तुम्ही म्हणता आवाज सकाळी जास्त आणि गाडी तापल्यावर कमी होतो. मला तर हे वाचून आधी जाळीचाच संशय आला.

पट्टाही बघून घ्या. किंचाळणं आणि हंबरणं वेगळं असतं. थांबलेल्या गाडीत स्टिअरिंग झटक्यात फिरवल्यावर चिरकला तर पट्टा सैल किंवा गुळगुळीत झालाय. आवाज इंजिनच्या गतीबरोबर चढत-उतरत गुरगुरत असेल तर पंप. पट्ट्याला तेल लागलं असेल तर पुसून वापरू नका, बदला. पट्ट्याचा माझा धडा भेरूघाटात झालेला आहे. घरच्यांना ओंकारेश्वरला घेऊन चाललो होतो, दुसरी जुनी गाडी होती, सिमरोलच्या पुढे उतारावर पट्टा तुटला. स्टिअरिंग एकदम दगड झालं. हे मुद्दाम सांगतो, कारण पुष्कळांना वाटतं पंप बंद पडला की गाडी वळतच नाही. वळते, पण खांदे भरून येतात आणि वळणावर छातीत धडधडतं. काही गाड्यांत त्याच पट्ट्यावर वॉटर पंपही असतो. तसं असेल तर इंजिनही तापतं, मग गाडी ताबडतोब बाजूला घ्यायची.

आता जडपणाचं. पुढची दोन्ही चाकं उचला, इंजिन बंद, किल्ली फिरवून स्टिअरिंग लॉक सोडा, आणि हातानं या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. अडकत, खडखडत, जड फिरत असेल तर दोष बॉल जॉइंट, कॉलमचा जॉइंट किंवा रॅकचा आहे. कितीही पंप बदला, उपयोग नाही. हलकं फिरतंय पण जमिनीवर जड आहे, तर पंप, पट्टा किंवा हवा. फक्त डावीकडे जड आणि उजवीकडे हलकं असेल तर पंपाला सोडा. पंपाला डावं-उजवं कळत नाही, ते रॅकच्या व्हॉल्व्हला कळतं. आणि हो, टायरमधली हवा. हसू नका. पुढच्या चाकांत हवा कमी म्हणून स्टिअरिंग जड, हे मी वकिलांपासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांच्या गाड्यांत पाहिलंय.

गळती कुठून आहे ते ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण तुम्हाला दर पंधरवड्याला तेल घालावं लागतंय. पुलीच्या मागे, पंपाच्या तोंडाशी, गोल फवारल्यासारखं तेल उडालेलं असेल तर पंपाचं शाफ्ट सील गेलंय. प्रेशर पाइपाच्या, म्हणजे पंपाकडून रॅककडे दाबाखालचं तेल नेणाऱ्या पाइपाच्या, सांध्याशी ओल असेल तर तांब्याचे वॉशर. रॅकच्या दोन्ही टोकांना रबरी पिशव्या असतात, अकॉर्डियनसारख्या. त्या दाबून बघा. आत तेल डुचमळलं तर रॅकची सीलं गेली. इथे एक गोष्ट जीवावर बेतणारी आहे: इंजिन चालू असताना प्रेशर पाइपाची गळती शोधायला बोट फिरवू नका. सुईएवढ्या भोकातून येणारी धार दिसतही नाही आणि कातडी फोडून आत तेल घालते. वरून टोचल्याएवढीच खूण दिसते, आत मात्र बोट जातं. पुठ्ठ्याचा तुकडा धरा, त्यावर डाग पडेल. कधी टोचलंच तर दुखत नाही म्हणून घरी बसू नका, थेट मोठ्या दवाखान्यात जा आणि काय झालं ते सांगा.

समजा एवढं सगळं बघितलं आणि निकाल पंपाच्याच विरोधात गेला. चमकणारं तेल, पुलीच्या मागे ओल, हातानं हलवली तर पुली डुगडुगते. मग पंप काढू.

सामान. छोटी ग्वालटोळीतल्या ऑटो पार्ट्सच्या दुकानांत जाल तेव्हा नुसतं गाडीचं नाव सांगू नका. जुन्या पंपाचा फोटो, त्यावरचा नंबर आणि चेसिस नंबर घेऊन जा. पुलीवर खाचा किती, पुलीचा व्यास किती, पाइपाचं तोंड कोणत्या दिशेला, हे तिन्ही जुळलं पाहिजे. पेट्रोल आणि डिझेलचे पंप वेगळे असतात. नवा चांगला मिळाला तर उत्तम. रिबिल्ड केलेला घेताना हातानं शाफ्ट फिरवा. सगळीकडे सारखा, मलईसारखा फिरला पाहिजे आणि बाजूला अजिबात हलता कामा नये. भंगारातला असेल तर त्याच्या तोंडाला नाक लावा. जळका वास आला तर तो तुमच्या पंपाचाच भाऊ आहे. नुसतं सील गेलं असेल आणि शाफ्ट घट्ट असेल तर सील किट अगदी स्वस्तात येतं. पण शाफ्टवर सीलच्या जागी नख अडकेल एवढी खाच पडली असेल तर नवं सीलही महिन्याभरात गळेल.

पंपाबरोबर आणायचंच: तांब्याचे नवे वॉशर, ओ-रिंगा, ओढण्याचा आणि परतीचा (रॅककडून डबीत तेल परत आणणारा) पाइप, नवे क्लॅम्प, पट्टा, आणि दोन लिटर तेल. पाइप घेताना तेलाला टिकणारा, जाड, पॉवर स्टिअरिंगचाच मागा. पाण्याचा किंवा रेडिएटरचा पाइप मिळत असेल फुकट, तरी नको. आतून विरघळून पुन्हा तीच जाळी तुंबवेल. प्रेशर पाइप फुगला असेल तर त्यावर क्लॅम्प मारायचा विचारही करू नका. सांवेर रोडच्या कारखान्यांच्या भागात हायड्रोलिक होज दाबून देणारे आहेत. जुने लोखंडी टोक घेऊन जा.

तेलावर मी जरा जास्त बोलणार, कारण इथेच घोळ होतो. तुमच्या गाडीच्या वयाच्या ह्युंदाईला पीएसएफ-३ नावाचं पॉवर स्टिअरिंगचं तेल लागतं. टोयोटाच्या त्या काळच्या गाड्या डेक्सरॉन जातीचं एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, मागतात. होंडाला तिचं स्वतःचंच तेल लागतं, एटीएफ घातलं तर सीलं बिघडतात. म्हणजे ‘लाल तेल’ म्हणून दुकानदार जे देईल ते घालायचं नाही; डबीच्या झाकणावर आणि गाडीच्या पुस्तकात जे लिहिलंय ते. तुम्ही दर पंधरवड्याला कोणतं तेल घालत होतात, ते लिहिलेलं नाही. ब्रेक ऑइल असेल तर थांबा. एकदा एक आजोबा अशी गाडी घेऊन आले होते. घरात उरलेलं ब्रेक ऑइल वाया कशाला घालवा म्हणून त्यांनी स्टिअरिंगच्या डबीत ओतलं होतं. दोन्ही तेलांची जात वेगळी. सीलं फुगून लोण्यासारखी झाली, आणि पंप, रॅक, पाइप, सगळं उतरवावं लागलं. काटकसरीत तसे आपण मराठी लोक कुणाला ऐकत नाही, पण ती काटकसर महागात पडली.

काम थंड इंजिनवर. अंगणात फरशी असेल तर छान. माती असेल तर आपल्या माळव्याच्या काळ्या मातीवर विश्वास ठेवू नका. पावसाळ्यात ती जॅक गिळते. जॅकखाली आणि घोड्यांखाली (जॅक स्टँडखाली) जाड फळी टाका. मागच्या चाकांना गुट्टे लावा, हँडब्रेक ओढा, आणि गाडी घोड्यांवर बसवा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, पाच मिनिटांसाठीही नाही.

जुना पंप जागेवर असतानाच एक काम करून ठेवा: इंधन पंपाचा फ्यूज किंवा रिले काढा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. नंतर तेल भरताना आपल्याला इंजिन सुरू न करता नुसतं सेल्फ मारायचंय, त्यासाठी हे. नवा पंप बसवल्यावर ही आठवण झाली तर फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंतचे ते काही सेकंद नवा पंप कोरडा फिरेल, आणि मग एवढं सगळं लिहून काय उपयोग. त्यानंतर बॅटरीची निगेटिव्ह तार काढा.

डबीतलं तेल मेडिकलमधून आणलेल्या मोठ्या सिरिंजनं ओढून घ्या. अल्टरनेटरवर प्लास्टिकची पिशवी बांधा, तेल आत गेलं तर नवा खर्च. परतीचा पाइप डबीपासून सोडून बाटलीत घाला, आणि चाकं उचललेली आहेतच, स्टिअरिंग हातानं सावकाश टोकापासून टोकापर्यंत दहा-बारा वेळा फिरवा. रॅकमधलं जुनं तेल बाटलीत येईल. डबी काढून आत पेट्रोलनं धुवा, जाळी उन्हाकडे धरून बघा, आरपार दिसली पाहिजे. निघत नसेल आणि तुंबलेली असेल तर नवी डबी घ्या. धुतल्यावर पूर्ण वाळू द्या.

पट्टा काढण्याआधी त्याचा फोटो काढा. आठवतं असं वाटतं, संध्याकाळी आठवत नाही. ताण देणारा बोल्ट सैल करा, पट्टा उतरवा. प्रेशर पाइपाचा सांधा तुमच्याकडे बहुधा आरपार भोकाच्या बोल्टचा असेल, दोन्ही बाजूंना तांब्याचे वॉशर. काही गाड्यांत पाइपाचा नट असतो. त्याला फ्लेअर नटचा पाना लावा, साध्या पान्यानं त्याचे कोपरे गोल होतात आणि मग तोंडातून शिव्या. आटे गंजले असतील तर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. जबरदस्ती केलीत तर लोखंडी पाइप पिळवटतो. ओढण्याचा पाइप वीस वर्षांत निपलला, म्हणजे तो ज्या नळीच्या तोंडावर चढवतात तिला, चिकटलेला असतो. ओढून निपल वाकवू नका, नवा आणलाच आहे, जुना उभा चिरा.

पंप धरणारे बोल्ट बऱ्याच गाड्यांत पुलीच्या मागे दडलेले असतात. पुलीत गोल खिडक्या असतील तर त्यातून गोटी पाना (सॉकेट) जातो. पुली फिरवत एकेक बोल्ट काढा. बोल्ट लांब-आखूड असतात, पुठ्ठ्यावर पंपाचं चित्र काढून त्या-त्या जागी खुपसून ठेवा. माझ्या गॅरेजमधल्या प्रत्येक नव्या पोराला मी ही पहिली गोष्ट शिकवली, आणि प्रत्येकानं पहिल्या वेळी विसरून लांब बोल्ट आखूड जागी घालून बघितला.

पुली नव्या पंपावर चढवायची असेल तर हातोड्याला हात लावू नका. पुली नटनं बसवलेली असेल तर सोपं. दाबून बसवलेली असेल तर पुलरनं काढायची आणि बसवायच्या अवजारानंच बसवायची. हातोडा मारला की तो धक्का शाफ्टमधून रोटरला लागतो, आतली रिंग सरकते, कडं चिरतं. बाहेरून काही दिसत नाही, पंप पहिल्या दिवसापासून ओरडतो आणि आपण दुकानदाराला शिव्या देतो. अवजार नसेल तर जवळच्या लेथवाल्याकडे प्रेसवर करून घ्या, कटिंग चहा संपायच्या आत होतं. पुलीची जागा जुन्यासारखीच हवी, पट्टा सरळ रेषेत आला पाहिजे.

आता ज्यावर मी स्वतः मार खाल्लाय ते. गॅरेज नवीन होतं, गिऱ्हाईक डोक्यावर उभं, त्याला उज्जैनला लग्नाला जायचं होतं. पंप बसवला, डबी भरली, थेट इंजिन सुरू केलं. पंप किंचाळला, मी म्हटलं हवा आहे, निघेल. निघाली, पण तोपर्यंत तो अर्धा मिनिट कोरडा फिरला होता. दोन दिवसांनी गाडी परत. तेलात चमक. पंप माझ्या खिशातून गेला आणि गिऱ्हाईकानं लग्नातल्या जड स्टिअरिंगची कहाणी साऱ्या मोहल्ल्याला सांगितली ती वेगळी.

म्हणून नवा पंप टेबलावरच पाजा. ओढण्याच्या तोंडातून ताजं तेल ओता आणि पुली ज्या दिशेनं गाडीत फिरते त्याच दिशेनं हातानं फिरवत राहा, दुसऱ्या तोंडातून बुडबुड्यांशिवाय तेल येईपर्यंत. मग तोंडं बंद करून गाडीत बसवा. सगळे बोल्ट आधी हातानं चार आटे घाला, मगच पाना. आरपार भोकाच्या बोल्टला नवे वॉशर. आवळण्याचा आकडा बऱ्याच गाड्यांत ५०-६० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो, पण तुमच्या गाडीच्या मॅन्युअलचा आकडा खरा. पट्टा असा ताणा की दोन पुलींच्या मध्यावर अंगठ्यानं जोरात दाबल्यावर ८-१० मिलिमीटर दबेल. त्याहून घट्ट केलात तर पंपाचं बेअरिंग मरतं, सैल ठेवलात तर चिरकतो.

धुणं. परतीचा पाइप अजून डबीला जोडू नका. डबीचं ते निपल बंद करा आणि पाइप बाटलीतच राहू द्या. बॅटरी जोडा. एकानं डबीत तेल ओतत राहायचं, दुसऱ्यानं पाच-पाच सेकंद सेल्फ मारायचा, मधे थांबून स्टिअरिंग हातानं दोन्हीकडे फिरवायचं. डबी एकदाही रिकामी होऊ द्यायची नाही. बाटलीत आधी काळं, मग तपकिरी, मग स्वच्छ तेल येईल. एक लिटर यात जाईल, जाऊ द्या. जुना पंप चुरा सोडून मेला असेल तर परतीच्या पाइपात चुंबक असलेली छोटी फिल्टर बसवा. तो चुरा नव्या पंपात जाण्याआधी पकडायची ही शेवटची जागा आहे.

मग परतीचा पाइप डबीला जोडा, डबीवरच्या थंड तेलाच्या खुणेपर्यंत भरा, आणि इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग सावकाश, अगदी सावकाश, टोकापासून टोकापर्यंत वीस वेळा. डबीत बुडबुडे येत राहतील, पातळी उतरेल, भरत राहा. बुडबुडे थांबले की फ्यूज बसवा, इंजिन सुरू करा, आयडलवरच ठेवा. पुन्हा तसंच फिरवा. टोकाला नेऊन धरून ठेवायचं नाही, फार तर दोन-तीन सेकंद. टोकाला धरणं म्हणजे पंपाला बंद दारावर ढकलत ठेवणं, तेल मिनिटाभरात उकळायला लागतं. तेल फेसाळलं तर इंजिन बंद करून अर्धा-एक तास गप्प बसा, फेस आपोआप बसतो. घाई केली की फेस पुन्हा पंपात जातो. चाकं जमिनीवर उतरवून परत बघा. इंजिन चालू असताना आणि लगेच बंद केल्यावर डबीतल्या पातळीत मोठा फरक पडत असेल तर हवा अजून आत आहे.

सांडलेलं तेल सगळं पुसा, विशेषतः एक्झॉस्टवरचं. गरम मॅनिफोल्डवर पडलेलं तेल धुरावर थांबेलच असं नाही, पेटूही शकतं. जुनं तेल नालीत ओतू नका. आपल्या शहरात कचऱ्याच्या गाडीलाही सहा कप्पे आहेत, आणि शेजारची काकू तुम्हाला तसं करताना बघणार हे नक्की. बाटलीत भरून वापरलेल्या तेलाचा ड्रम ठेवणाऱ्या गॅरेजला द्या.

पहिल्या आठवड्यात रोज सकाळी डबी बघा आणि गाडीखाली पुठ्ठा ठेवा. शंभर-दोनशे किलोमीटरनंतर पट्टा पुन्हा तपासा, नवा पट्टा थोडा ताणतो.

आणि रॅक. त्या रबरी पिशव्या कोरड्या असतील, चाकं उचलल्यावर स्टिअरिंग दोन्हीकडे सारखं हलकं फिरत असेल, तर रॅकला हात लावू देऊ नका. पिशवीत तेल सापडलं तर रॅक घरी करायचं काम नाही. तो उतरवल्यावर चाकांचं अलाइनमेंट करावंच लागतं. या रविवारी पोहे खाऊन झाल्यावर आधी झाकण उघडा, कागदावर थेंब घ्या, पाइप दाबून बघा. तोवर पंपाचे पैसे दुकानदाराला देऊ नका.